अंजीर आणि काळीज

शब्दांच्या कुळाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी एकदा लॅटिनच्या लेकींची घरे पाहावीत. यकृताला लॅटिनमध्ये ‘येकुर’ म्हणत. आपल्या संस्कृत ‘यकृत्’चा तो सख्खा भाऊ. पण फ्रेंच ‘फ्वा’, इटालियन ‘फेगातो’, स्पॅनिश ‘ईगादो’, पोर्तुगीज ‘फीगादु’, रुमानियन ‘फिकात’ या शब्दांत त्या कुलीनाचा मागमूसही नाही!

हे पाचही शब्द आले स्वयंपाकघरातून. हंसांना अंजीर चारून त्यांचे यकृत पुष्ट करण्याची रोमनांना आवड होती. सुकी अंजिरे चारून डुकरिणींवर हाच प्रयोग अपिसियसने केला, असे इ.स.च्या पहिल्या शतकातला प्लिनी सांगतो. अशा यकृताला ‘येकुर फिकातुम’ म्हणत. ‘फिकुस’ म्हणजे अंजीर. बोलता बोलता ‘येकुर’ गळाले, उरले नुसते विशेषण. आणि पुढे ते माणसाच्या यकृतालाही चिकटले, मग त्याने जन्मात अंजीर चाखलेले नसो!

पंडिताला हा अनाचार वाटेल. मला मात्र यात भाषेचा न्याय दिसतो. इटालियन माणूस धाडसी गड्याला ‘फेगातो’ आहे म्हणतो, तेव्हा त्याला अंजीर आठवत नाही. आपणही वाघाचे काळीज म्हणतो. वाघाचे यकृत म्हटले तर सारे हसतील.

‘यकृत’ पाठ्यपुस्तकांनी जपले, हे चांगलेच झाले. पण मुलाच्या निबंधात घरचा शब्द दिसताच लाल शाईकडे हात नेणाऱ्या मास्तराने, मीही त्यांतलाच एक, क्षणभर थांबावे. असल्याच एका ‘अशुद्ध’ शब्दावर पाच भाषांचा संसार सुखाने चालला आहे.