प्राध्यापकांमधील ज्ञानाची देवाणघेवाण आणि प्राचार्यांचे नेतृत्व : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
ज्ञानदान हा ज्यांचा व्यवसाय आहे त्या प्राध्यापकांची आपापसात ज्ञानाची देवाणघेवाण कितपत होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. नोनाका आणि ताकेउची यांनी १९९५ मध्ये जपानी उद्योगांच्या आधारे अव्यक्त ज्ञान व्यक्त होण्याची प्रक्रिया मांडली. हा सिद्धांत ग्रामीण महाविद्यालयांना जसाच्या तसा लागू पडतो काय, हे तपासणे आवश्यक आहे.

विवेचन :
बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीस जातात आणि अशा घरातील विद्यार्थ्यांचे शिक्षण सत्राच्या मध्येच तुटते. त्यांचे परीक्षा अर्ज वेळेत कसे भरून घ्यावेत, बुडालेला अभ्यास कोणत्या क्रमाने भरून काढावा, घरी कोणाशी बोलावे, हे अनुभवी प्राध्यापकास ठाऊक असते. ते कोणत्याही ग्रंथात नसते. एकच शिक्षक असलेल्या विभागातून तो निवृत्त झाला की हे ज्ञानही त्याच्याबरोबर जाते.

उद्योगात असे ज्ञान सामूहिक उत्पादनात उतरते. महाविद्यालयात मात्र मूल्यमापन व्यक्तीचे होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांत संयुक्त लेखनाचे गुण लेखकांमध्ये विभागले जात. २०१८ च्या विनियमांनी दोन लेखकांपैकी प्रत्येकास ७० टक्के गुण देऊन ही त्रुटी काही अंशी दूर केली. तथापि हे उत्तेजन छापील लेखनापुरतेच राहिले. सहकाऱ्याच्या तासाला बसणे, आपली टिपणे त्याच्या हाती देणे यांस स्वतंत्र स्थान मिळाले नाही. शिवाय, तासिका तत्त्वावरील शिक्षकास पुढील वर्षाची शाश्वती नसते. टिपणे हीच ज्याची पुंजी, त्याने ती वाटावी अशी अपेक्षा करणे सोपे. न्याय्य मात्र नाही.

नेतृत्वाची कसोटी येथेच लागते. पदभरती प्राचार्यांच्या एकट्याच्या हाती नसते. वेळापत्रक मात्र असते. आठवड्यातील एक तास अध्यापनातील अडचणींच्या चर्चेसाठी राखणे आणि त्या चर्चेत प्रथम स्वतःचा फसलेला तास मांडणे, एवढे त्यांना निश्चित करता येईल. वरिष्ठांनी उणीव कबूल केल्याखेरीज कनिष्ठ बोलत नाहीत.

निष्कर्ष :
ज्ञान वाटल्याने वाढते, हे वचन समारंभात उच्चारले जाते. परंतु वाटणाऱ्याचे नुकसान होणार नाही अशी व्यवस्था नसेल, तर ते वचनच राहते. त्याची किंमत अखेर ऊसतोडीहून परतणारा विद्यार्थी मोजतो.