वृक्षांचे नववर्ष

वृक्षांचा महिमा गाणारे लेखन आमच्या भाषेत पुष्कळ आहे. वडाची सावली, पिंपळाची सळसळ, पळसाचा वणवा ह्यांवर लेखणी चालवली नाही असा निबंधकार विरळाच. परंतु वृक्षाचे आपल्यावर ऋण आहे असे म्हणताना ते ऋण किती, कोणत्या दिवशी फेडावयाचे आणि कोणास द्यावयाचे, हा प्रश्न ह्या लेखनात सहसा उपस्थित होत नाही. यहुदी लोकांच्या 'तू बिश्वात' ह्या सणाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो ते ह्याच कारणासाठी. ह्या सणाचा उगम काव्यात नसून हिशेबात आहे.

'तू बिश्वात' म्हणजे शेवात महिन्याची पंधरावी तिथी. इब्री अक्षरांना अंकांचे मोल असते. 'तू' ह्या दोन अक्षरांची बेरीज ९ आणि ६ मिळून १५ होते. हे महिने चांद्र असल्याने सण पौर्णिमेला येतो, आणि आपल्याकडील पौष-माघाच्या सुमारास पडतो. यहुदी धर्मशास्त्राच्या 'मिश्ना' ह्या ग्रंथात वर्षारंभ चार सांगितले आहेत. राजांचा एक, गुरांच्या दशमांशाचा दुसरा, वर्षगणनेचा तिसरा आणि वृक्षांचा चौथा. ह्या चौथ्याविषयी दोन पीठांत मतभेद होता. शम्मायचे पीठ तो महिन्याच्या पहिल्या दिवशी धरी, हिल्लेलचे पंधराव्या. हिल्लेलचे मत मान्य झाले. पावसाळ्याचा बहुतेक पाऊस तोवर पडून गेलेला असतो आणि झाडात नवा रस चढू लागतो, अशी ह्या काळाची उपपत्ती पुढे दिली गेली.

आता हे वर्ष मोजावयाचे कशासाठी? झाडाला वाढदिवस हवा म्हणून नव्हे. फळांचा दशमांश त्या त्या वर्षाच्या पिकातून काढावा लागे. एका वर्षाचे फळ दुसऱ्या वर्षाच्या खाती घालता येत नसे. शिवाय सात वर्षांच्या चक्रात तिसऱ्या आणि सहाव्या वर्षी एक दशमांश गरिबांकडे जाई. म्हणजे एखादे फळ पौर्णिमेच्या अलीकडचे की पलीकडचे, ह्यावर एखाद्या निराधाराच्या घरी ते पोचणार की नाही हे ठरे. ह्याच धर्मशास्त्राने लावलेल्या झाडाची पहिल्या तीन वर्षांची फळे वर्ज्य मानली, आणि शत्रूच्या नगराला वेढा घातला असतानाही फळझाडावर कुऱ्हाड चालवू नये असा दंडक घातला. ह्या सर्व विधानांत वृक्षाचे वर्णन म्हणून एक ओळही नाही. तथापि वृक्षाविषयीचा आदर ह्याहून खणखणीत शब्दांत कोठे व्यक्त झाला असेल असे आम्हांस वाटत नाही.

येरुशलेमचे मंदिर पडले, लोक देशोधडीला लागले, बागा गेल्या आणि दशमांशही गेला. राहिली ती तिथी. तिच्यात नवा अर्थ भरण्याचे काम पुढे सफेदच्या गूढवादी परंपरेतून आलेल्यांनी केले. 'पेरी एत्स हादार' हे ह्या सणाच्या भोजनविधीचे पुस्तक १७५३ मध्ये व्हेनिस येथे स्वतंत्रपणे छापले गेले. कवचाची फळे, आठळीची फळे आणि सबंध खाण्याजोगी फळे अशी फळांची प्रतवारी करून ती सृष्टीच्या निरनिराळ्या पातळ्यांशी जोडणारा हा विधी आहे. मद्याचे चार पेलेही त्यात येतात. कल्पना सुंदर आहे ह्यात शंका नाही. बदामाचे कवच फोडणाऱ्याला आपल्या मनावरचे कवच आठवावे, हे काव्य खरेच. परंतु टीकाकाराला येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. फळाचा अर्थ जसजसा वर चढतो, तसतसे झाड खाली राहते. मिश्नाच्या वाचकाला बाग डोळ्यांपुढे ठेवावी लागे. ह्या पुस्तकाच्या वाचकाला बाजारातून आणलेली सुकी अंजिरे पुरतात.

ह्या दोहोंहून वेगळी तिसरी वाट आपल्या महाराष्ट्रातच आहे, आणि तिची ओळख मराठी वाचकांस फारशी नाही ह्याचा खेद होतो. कोकणातील बेने इस्राएल, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून 'शनिवार तेली' म्हणत, हा सण 'एलियाहू हन्नाबीचा उरूस' म्हणून पाळतात. अलिबागजवळील खंडाळे येथे एका खडकावर ज्या खुणा आहेत त्या एलियाहू प्रेषिताच्या रथाच्या आणि घोड्याच्या टापांच्या, अशी त्यांची श्रद्धा. तेथे जमून ते मलिदा करतात. पोहे, ओले खोबरे, साखर वा गूळ, वेलदोडा, सुका मेवा, आणि सोबत मांडलेली फळे, असे त्याचे रूप. प्रार्थना इब्री, घरातली बोली मराठी, 'उरूस' आणि 'मलिदा' हे शब्द शेजारच्या मुसलमानांच्या घरचे, आणि नारळ व केळे कोकणच्या वाडीतले! १९४८ नंतर ह्या समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलास गेले; तरी मलिद्याचे ताट त्यांनी तेथेही सोडलेले नाही. आमच्या मते ह्या विधीचा मोठेपणा असा की, त्याने परक्या देशाच्या अंजिरांची आठवण काढीत बसण्यापेक्षा ज्या मातीने आसरा दिला त्या मातीची फळे देवापुढे ठेवली. येथे फळ प्रतीक झाले नाही. ते फळच राहिले.

आधुनिक काळात हा सण वृक्षारोपणाचा झाला. १८९० मध्ये झिखरोन याकोव येथे झएव यावेत्स ह्या शिक्षकाने विद्यार्थ्यांना घेऊन झाडे लावली, आणि ती प्रथा पुढे साऱ्या देशाने उचलली. हेतू उत्तम, परंतु डोंगरच्या डोंगर एकाच जातीच्या पाइनने झाकले गेले तेव्हा त्याखाली दुसरे काही उगवेनासे झाले, अशी टीका तेथील अभ्यासकांनीच केली, आणि मिश्र वनाकडे वळावे लागले. आम्हांस हसण्याचा अधिकार नाही. १९५० पासून आपला वनमहोत्सव चालला आहे. त्यात खड्डा असतो, रोप असते, पाहुणे असतात. पुढच्या वर्षी खड्डाही तोच असतो.

ह्या साऱ्या विवेचनाला कसोटी लावावयाची तर ती आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यात लावू. तेथे यहुदी नाहीत, आणि शेवातची पौर्णिमा कोणास ठाऊक असण्याचे कारण नाही. त्या तालुक्यात पाचगाव नावाचे, बहुतांशी गोंड वस्तीचे लहान गाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ह्या गावाला २०१२ मध्ये सुमारे १,००६ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभा बांबू स्वतः तोडू व विकू लागली. आणि हक्क हाती येताच ह्या लोकांनी एक अजब गोष्ट केली. तेंदूपत्त्याचे उत्पन्न त्यांनी सोडून दिले! पाने कोवळी व भरपूर यावीत म्हणून तेंदूची छाटणी होते, आगी लावल्या जातात, आणि त्या पानाची शेवटी विडी होते. त्यापेक्षा झाड वाढू द्यावे, त्याला फळ धरू द्यावे, ते माणसांनी खावे आणि पाखरांनीही खावे, असा हा निर्णय. माधव गाडगीळ ह्यांनी ह्या गावाविषयी आवर्जून लिहिले आहे.

कोणी म्हणेल, धर्मशास्त्राचा दंडक आणि ग्रामसभेचा ठराव ह्यांचा संबंध तो काय? परंपरेचा संबंध मुळीच नाही, आणि तो जोडणे खोटेपणाचे होईल. परंतु दोहोंचे व्याकरण एक आहे. दोन्ही ठिकाणी वृक्षाचा मान शब्दांनी केलेला नसून काहीतरी न घेण्याने केलेला आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चंद्रपूर-गडचिरोलीतील असंख्य कुटुंबांना उन्हाळ्यात रोख पैसा दिसतो तो तेंदूपत्त्यामुळेच. त्यांना त्यागाचा उपदेश करणारे आपण शहरातले सुखवस्तू कोण? हा आक्षेप आम्हांस मान्य आहे, आणि त्यातच आमच्या म्हणण्याचे मर्म आहे. दशमांशाचा नियम बागेच्या मालकासाठी होता. ज्याचे काही नाही त्याला सोडण्यासारखेही काही नसते. २०१२ पूर्वी पाचगावचा माणूस तेंदूचा मजूर होता. तो पान तोडी अथवा न तोडी, झाडाचे भवितव्य त्याच्या हाती नव्हते. हक्क मिळाला, बांबूचा आधार मिळाला, तेव्हाच त्याचा संयम हा संयम ठरला. अधिकाराशिवाय मागितलेला त्याग हा त्याग नव्हे, ती नुसती वंचना होय.

म्हणून वृक्षप्रेमाच्या साहित्याकडून आमची अपेक्षा आता निराळी आहे. झाडाची सावली किती गोड हे आम्ही पुष्कळ वाचले. ते झाड कोणाचे, त्याचे फळ कोणाच्या वाट्याचे, आणि त्यातले काय घ्यावयाचे नाही हे कोणी ठरविले, हे लिहिणारा लेखक आम्हांस हवा आहे. हिल्लेलच्या पीठाने एका पौर्णिमेवर बोट ठेवून हा प्रश्न विचारला होता. पाचगावच्या तेंदूला आज फळ धरते, ह्यात त्याचे एक उत्तर आहे. आमच्या निबंधकारांनी ते अजून लिहावयाचे आहे.