ऑनलाइन अर्जातील दिनांक आणि फसली सन

इंग्रजी अंकांत लिहिलेल्या ०३/०४/२०२४ मधून भारतीय वापरकर्त्यास ३ एप्रिल अभिप्रेत असतो. जावास्क्रिप्टची प्रचलित रूपांतरपद्धती मात्र ४ मार्च काढते. देवनागरी अंक तर ती अवैधच ठरवते. छत्रपती संभाजीनगर परिसरात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण निजामकालीन जमीन-अभिलेखांत फसली सन आढळतो. त्यात ५९० मिळविण्याचा ठोकताळा येथे अपुरा पडतो. हैदराबाद संस्थानचे फसली वर्ष ऑक्टोबरमध्ये सुरू होई. त्यामुळे जहागीर निर्मूलनाचा १३५८ फसलीचा विनियम ऑगस्ट १९४९ मधील आहे, १९४८ मधील नव्हे. असा मजकूर मुकाट्याने 'शुद्ध' करणारी प्रणाली सोयीची भासली, तरी वस्तुतः ती पुराव्यातच फेरफार करते. मूळ नोंद जशीच्या तशी जतन करून रूपांतरित दिनांक स्वतंत्र रकान्यात ठेवणे व महिना अक्षरी दाखवून तो अर्जदाराकडून पडताळून घेणे आवश्यक ठरते.