व्हिस्कीचा इतिहास आणि पाण्याचा हिशेब

व्हिस्की-उद्योगाच्या आर्थिक इतिहासात रोनाल्ड वेअर यांच्या ‘डिस्टिलर्स कंपनी’विषयक ग्रंथाला (१९९५) महत्त्वाचे स्थान आहे. स्कॉटलंडमधील धान्य-मद्यार्काच्या सहा उत्पादकांनी १८७७ मध्ये ही कंपनी स्थापली. तिचा १९३९ पर्यंतचा विस्तार ग्रंथकाराने संस्थेच्या अंगाने मांडला आहे. भांडवल व स्पर्धा यांचे त्यातून होणारे दर्शन मोलाचे आहे. परंतु ही चौकट मराठवाड्यास जशीच्या तशी लावणे युक्त ठरणार नाही.

व्हिस्की कशास म्हणावे, हा मुळातच आर्थिक प्रश्न आहे. धान्य-मद्यार्कासही हे नाव घेता येईल, असा निर्वाळा ब्रिटिश राजआयोगाने १९०९ मध्ये दिला आणि मोठ्या उत्पादकांचा मार्ग मोकळा झाला. भारतात त्याच नावाखाली बहुतांशी उसाच्या मळीचा मद्यार्क विकला गेला. युरोपीय संघाचे नियम त्यास व्हिस्की मानीत नाहीत. म्हणजे येथे या धंद्याचे मूळ साखर कारखान्यात, आणि पर्यायाने उसाच्या पाण्यात आहे.

शासनाची भूमिकाही दुहेरी आहे. महाराष्ट्रात मद्यनिर्मितीचे परवाने मिळतात ते १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालीच. निषेध आणि महसूल एकाच कायद्यात नांदतात. २००७ मध्ये राज्याने ज्वारी, बाजरी इत्यादी धान्यांपासून मद्यार्क गाळण्यास अनुदानाचे धोरण स्वीकारले. तेव्हा कोरडवाहू भागातील भाकरीचे धान्यही या हिशेबात आले, आणि त्यावर वादंग माजले.

औरंगाबादलगतच्या वाळूज, चिकलठाणा व शेंद्रा येथील वसाहतींत बिअरचे व मद्यार्काचे कारखाने उभे राहिले. शहराची व उद्योगांची तहान भागते ती पैठणच्या जायकवाडी जलाशयावर. एप्रिल २०१६ मध्ये, दुष्काळात, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश दिला. इतर उद्योगांवरील कपात त्याहून कमी होती. ताळेबंदात क्षुल्लक दिसणारे पाणी त्या उन्हाळ्यात निर्णायक ठरले.

स्कॉटलंडच्या वर्णनांत झऱ्याचे पाणी बहुधा चवीच्या संदर्भात येते. मराठवाड्यात ते वाटणीच्या संदर्भात आले पाहिजे. कंपनीचे दप्तर नफा सांगेल, शासनाचे दप्तर महसूल सांगेल. परंतु त्या लिटरमागे कोणाचे धान्य व कोणाचे पाणी गेले, हे दोहोंतही सापडणार नाही. तो शोध घेतल्यावाचून या उद्योगाचा इतिहास अपुराच राहील.