मादी सशाची नसबंदी आणि तो ‘८० टक्क्यां’चा आकडा

तुमच्या घरी मादी ससा असेल, तर हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल : ‘नसबंदी न केलेल्या ८० टक्के माद्यांना गर्भाशयाचा कर्करोग होतो.’ सल्ला योग्य आहे, पण आकडा अर्धाच सांगितला जातो.

त्याचं मूळ अमेरिकेतल्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये ग्रीन यांनी केलेल्या कामात आहे (१९४१). त्यांच्या ८४९ माद्यांपैकी गाठी आढळल्या १४२ जणींत, म्हणजे १६.७ टक्के. मग ८० कुठून आले? वयानुसार पाहिलं तर दोन-तीन वर्षांच्या माद्यांत प्रमाण सुमारे ४ टक्के होतं, पाच-सहा वर्षांच्या माद्यांत जवळपास ८०. म्हणजे हा आकडा सगळ्या माद्यांचा नाही, वय झालेल्या माद्यांचा आहे. तोही एकाच प्रयोगशाळेतला.

मग ऑपरेशन राहू द्यायचं का? नाही. नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षं जगतो. म्हणजे तुम्ही जितकी चांगली काळजी घ्याल, तितकी तुमची मादी त्या धोक्याच्या वयात पोचण्याची शक्यता जास्त.

दुसरी बाजू मात्र कोणी सांगत नाही : भूल. ब्रिटनमधल्या २००८ च्या मोठ्या अभ्यासात भूल दिलेल्या सशांपैकी १.३९ टक्के ४८ तासांत दगावले. कुत्र्यांत हेच प्रमाण ०.१७ होतं. निरोगी सशांत ते ०.७३ पर्यंत उतरतं. म्हणून मादी तरुण आणि धडधाकट असतानाच, साधारण सहा महिने ते दोन वर्षं या वयात, हे उरकलेलं बरं.

‘नसबंदी’ हा शब्दही फसवा आहे. नुसती नळी बांधून कर्करोग टळत नाही. अंडाशय आणि गर्भाशय काढावं लागतं.

आता आपल्या वऱ्हाडाचं. अकोला-अमरावतीचा मे महिना माणसालाच सोसवत नाही, सशाला तर घामही येत नाही. तातडी नसेल तर हिवाळा गाठा. अकोल्यात पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था आहे, तिथे चौकशी करता येईल. कुठेही गेलात तरी डॉक्टरांना आधी विचारा, ‘सशांची किती ऑपरेशनं केलीत?’ आणि कोणी ‘रात्रभर उपाशी ठेवा’ म्हणालं, तर सावध व्हा. ससा उलटी करू शकत नाही. उलट उपाशी राहिला तर त्याचं आतडं थंडावतं, आणि तेच जिवावर बेततं.

पुढच्या वेळी कोणी ‘८० टक्के’ म्हणालं, तर एवढंच विचारा : कोणत्या वयाच्या?