लेखनाची वेळ

कादंबरीकाराला आपण प्रेरणेविषयी विचारतो, वेळेविषयी क्वचितच. ‘ययाति’ (१९५९) लिहिताना महाभारतातील कथेपासून आपण कुठे दूर गेलो, हे वि. स. खांडेकरांनी सविस्तर मांडले. त्यामुळे कल्पनेची वाट समजते. निपाणीच्या महादेव मोऱ्यांचे मात्र तेवढ्याने भागत नाही. ते पिठाची गिरणी चालवून लिहीत राहिले. ज्या कष्टकऱ्यांवर त्यांनी लिहिले, त्यांच्यातच त्यांचा दिवस जाई. त्यांची बोली कथेला चढवलेला साज नव्हे, ती रोजच्या व्यवहाराची भाषा आहे. कबनूरला यंत्रमागांच्या पाळ्या पाहत वाचन केलेल्या मला म्हणूनच वाटते, लेखकाच्या मुलाखतीत पोटापाण्याचा उद्योग केवळ परिचयापुरता येऊ नये. शैलीची चर्चा तिथूनच सुरू व्हावी.