शिंपटी आणि पाठीवरचा हात

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले ‘श्यामची आई’ १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांना वळण लावण्याचा विषय निघाला की त्यातील ‘श्यामचे पोहणे’ हे प्रकरण आपल्या धर्मशिक्षकांच्या ओठी हमखास येते. पाण्याच्या भीतीने श्याम माळ्यावर लपतो. आई त्याला शोधून काढते, शिंपटीने मारते आणि विहिरीवर धाडते. श्याम पोहतो. त्यावरून निघणारा निष्कर्षही ठरलेला: मुले कणखर व्हावयाची तर मार हवाच.

हे वाचन अपुरे आहे. मुलाला सदैव आनंदात ठेवणे हेच वात्सल्य, ही समजूत आई मोडते, ते योग्यच. मुलाचा घटकाभराचा रोष पत्करण्याचे धैर्य तिच्यात आहे. (लोकांनी त्याला भित्रा म्हणू नये, ही चिंताही त्या रागात आहे, हे विसरू नये.) परंतु विहिरीत श्यामच्या सोबतीला पोहणारी माणसे असतात, आणि पुढे मारणारी आईच त्याच्या पाठीवरून हात फिरवीत रडते. प्रकरणाचे बळ येथे आहे. लेखकाने मार आणि माया इतकी एकत्र कालवली आहेत की मायेचे श्रेय वाचक माराला देतो. हा लेखनाचा दोषच म्हटला पाहिजे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळांत शारीरिक शिक्षेस बंदी घातली. आपल्यापाशी त्याहून जुना आधार आहे. मुले हिंमत सोडतील इतके बापांनी त्यांना चिडवू नये, असे पौलाने कलस्सैकरांस केव्हाच बजावले होते.

पुस्तक ‘रडके’ असल्याचा आक्षेप जुना आहे. मला तो पटत नाही. कणखरपणा म्हणजे कोरडे डोळे, असे त्यात गृहीत धरलेले असते. आईच्या अखेरच्या क्षणी श्याम पोहोचू शकला नाही. तरी मोठेपणी आश्रमातील सोबत्यांना तो रात्रीमागून रात्र ती कथा सांगतो, रडत सांगतो आणि पुरी करतो. दुःख पेलणे ते हेच.

अंत्यविधीच्या वेळी मुलांना शेजारी बसवून ‘आजी गावाला गेली’ असे सांगणारी कुटुंबे आपणां सर्वांस ठाऊक आहेत. त्यांच्यासाठी पोहण्याच्या प्रकरणापेक्षा पुस्तकाचा शेवट अधिक उपयोगी पडेल. मूल विचारील, आजी कोठे आहे? स्वर्गाचे नाव घेण्याची घाई न करता, तिला पुरले आहे हे आधी त्याला सांगावे, आणि त्याचा हात धरून कबरीपाशी न्यावे.